पाणंद तुटते कुठे आणि पूल कुणाला मिळतो

विचारलेला प्रश्न असा: "आम्ही इंग्लंडात, केंटमध्ये मेडस्टोन आणि ॲशफर्डच्या मधल्या एका खेड्यात राहायला आलो आहोत. रोज संध्याकाळी गावाबाहेरच्या अरुंद वाटांनी फिरायला जातो. एक वाट चालता चालता एकदम संपते. पुढे कुंपण, त्यापलीकडे मोटरवे. शेजारच्या दुसऱ्या वाटेला मात्र भलामोठा पूल आहे आणि त्यावरून तासाभरात एखादी गाडी गेली तर गेली. हे कुणी आणि कशावरून ठरवलं? जुनी वाट कुठून कुठे जात होती, हे शोधता येतं का?"

तुम्ही राहता तो पट्टा मी पायांनी मोजलेला आहे. इंग्लंडच्या आग्नेय भागात रस्ते आणि रेल्वेच्या कामांवर मी सव्वीस वर्षं काढली आणि त्यातला बराच काळ माझ्याकडे एकच विषय होता. मोठ्या मार्गाची रेघ दुसरे आखायचे. ती रेघ ज्या लहान वाटांना छेदून जाते, त्या वाटांचं पुढे काय करायचं, ते कागद माझ्या टेबलावर यायचे. त्यामुळे हे उत्तर लांबणार आहे.

आधी शब्दाचं. इंग्रजीत ज्याला 'लेन' म्हणतात, त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, पाणंद. दोन्ही बाजूंना वई म्हणजे झुडपांचं कुंपण, मधे बैलगाडीपुरती जागा, वर फांद्या मिळालेल्या. केंटमधल्या पाणंदी बऱ्याच ठिकाणी शेतापेक्षा खोल गेलेल्या असतात. पावलं, खुर, चाकं आणि पावसाचं पाणी यांनी शेकडो वर्षांत माती खाली नेली. तुमच्या दक्षिणेला ग्रीनसँडची टेकड्यांची ओळ आहे. तिथला दगड मऊ असल्यामुळे तिथे काही वाटा माणसाच्या डोक्याहूनही खोल आहेत.

आता मुख्य गोष्ट, दिशा. तुमच्या भागातल्या जुन्या पाणंदी बहुतेक उत्तरेकडून दक्षिणेकडे जातात, जराशा नैर्ऋत्येला झुकून. त्याला कारण आहे डुकरं. उत्तरेला नॉर्थ डाउन्सची खडूची डोंगररांग आणि तिच्या आसपासची जुनी गावं, दक्षिणेला वील्डचं दाट जंगल. सॅक्सन काळात दर शरद ऋतूत गावोगावचे कळप ओकची आणि बीचची फळं खायला या जंगलात हाकत नेत. प्रत्येक गावाची जंगलातली चराईची जागा ठरलेली असे आणि तिला 'डेन' म्हणत. टेंटरडेन, बिडेंडेन, स्मार्डेन ही नावं तिथूनच आलेली आहेत. टेंटरडेन म्हणजे थॅनेटच्या लोकांचं डेन, आणि थॅनेट आहे केंटच्या पार ईशान्य टोकाला. एवढ्या लांबून माणसं कळप घेऊन येत होती. तुमची संध्याकाळची वाट बहुधा अशाच एखाद्या गुरवाटेचा तुकडा आहे.

आणि लंडनहून डोव्हर-फोकस्टनला जायचं, तर वाट पश्चिमेकडून पूर्वेकडे. म्हणजे खाडीपलीकडच्या फ्रान्सकडे जाणारी जी जी मोठी रेघ आली, ती या सगळ्या पाणंदींना जवळजवळ काटकोनात छेदत आली. डोंगराच्या पायथ्यानं जाणारी पिलग्रिम्स वे ही यात्रेकरूंची जुनी वाट तुमच्याकडे बऱ्यापैकी शाबूत राहिली, कारण ती मुळातच मोठ्या मार्गांना समांतर जाते. आडव्या वाटांचं तसं झालं नाही. मेडस्टोन ते ॲशफर्ड या एकाच खोऱ्यातून १८८४ मध्ये रेल्वे गेली, १९९१ मध्ये एम-२० मोटरवेचा राहिलेला तुकडा जोडला गेला आणि २००३ मध्ये चॅनल टनेलला जाणारी वेगवान रेल्वे, आजची हाय स्पीड वन, सुरू झाली. एकच पाणंद तीन वेळा कापली गेली, आणि तिन्ही वेळा कापण्याचे नियम वेगळे होते. तुम्हाला दिसणाऱ्या पुलांमधला फरक तिथून येतो.

रेल्वेपासून सुरू करतो, कारण तिचे नियम आजही पुलांवर वाचता येतात. १८४५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटनं रेल्वे कंपन्यांसाठी एक सामायिक कायदा केला, रेल्वेज क्लॉजेस कन्सॉलिडेशन ॲक्ट. त्यानंतर कुठलाही मार्ग बांधायचा तर रस्त्यांशी कसं वागायचं ते फुटांत लिहून दिलेलं होतं. रुळांवरून टोलचा हमरस्ता जाणार असेल तर पुलाची रुंदी ३५ फूट, सार्वजनिक गाडीरस्ता असेल तर २५, खाजगी वाट असेल तर १२. चढ किती असावा तेही ठरलेलं: हमरस्त्याला ३० फुटांत १, गाडीरस्त्याला २० फुटांत १, खाजगी वाटेला १६ फुटांत १. मूळ रस्ताच अरुंद असेल तर पुलाच्या रुंदीत थोडी सूट मिळे. सपाट शेतातून जाणारी वाट पुलापाशी उंटाच्या पाठीसारखी वर जाते आणि खाली उतरते, ते हा चढाचा हिशेब साधण्यासाठी. पुढच्या वेळी रेल्वेवरच्या एखाद्या जुन्या पुलावर गेलात तर दोन कठड्यांमधलं अंतर पावलांनी मोजा. जेमतेम १२ फूट भरलं, तर तो पूल बहुधा एका शेतकऱ्यासाठी बांधलेला आहे.

हो, एका शेतकऱ्यासाठी. त्याच कायद्याचं ६८ वं कलम कंपनीला सांगायचं की तुमच्या मार्गामुळे ज्याच्या जमिनीचे दोन तुकडे झाले, त्याला फाटक, पूल, कमान, मोरी, जे लागेल ते करून द्या. मार्ग सुरू झाल्यावर पाच वर्षांच्या आत मागितलं तरच, हेही त्यात होतं. त्यामुळे त्या काळच्या जमीनदारांनी आणि त्यांच्या वकिलांनी मागण्यांत कसर ठेवली नाही. आज रानात कुठून कुठे जातो ते कळत नाही असा विटांचा पूल दिसला, की समजावं, गवताची गाडी या शेतातून त्या शेतात जावी म्हणून हा बांधला. शेत विकलं गेलं, वाट बुजली, पूल उभा आहे.

रेल्वेकडे आणखी एक सोय होती, ती म्हणजे फाटक. पाणंद आणि रूळ एकाच पातळीवर असले तरी चालायचं. वाट तुटायची नाही, थांबायची फक्त. म्हणून एकोणिसाव्या शतकातल्या रेल्वेनं केंटचं रूप पुष्कळ बदललं, गावात छपरांसाठी वेल्सचा पाटीचा दगड आणि परगण्याबाहेरच्या विटा आणल्या, पण पाणंदींचं जाळं बऱ्याच अंशी टिकू दिलं.

मोटरवेनं ही सोय काढून घेतली. १९४९ च्या स्पेशल रोड्स ॲक्टनं ब्रिटनमध्ये पहिल्यांदा असा रस्ता शक्य केला, ज्यावर पायी, सायकलवर किंवा घोड्यावरून जायला मनाई आहे. पहिला तुकडा, प्रेस्टन बायपास, ५ डिसेंबर १९५८ ला उघडला. तुमच्या मेडस्टोनचा बायपास १९६० चा, म्हणजे अगदी सुरुवातीच्यांपैकी. अशा रस्त्याला पाणंद एका पातळीवर ओलांडूच शकत नाही. मग तीनच पर्याय उरतात: वरून पूल, खालून बोगदा, नाहीतर वाट बंद.

वरून पूल म्हणजे काय ते आकड्यांत पाहा, म्हणजे निर्णय कसे होतात ते कळेल. मोटरवेवर नव्या पुलाखाली ५.३ मीटर मोकळी उंची लागते. पुलाचा गर्डर आणि वरचा थर मिळून आणखी सुमारे दीड मीटर. म्हणजे मोटरवे जमिनीच्या पातळीवर असेल, तर पाणंदीला जवळजवळ ७ मीटर वर चढावं लागतं. सहा टक्के चढ धरला तर दोन्ही बाजूंना ११५ मीटरच्या आसपास भराव, वरची गोलाई धरून आणखी जास्त. आणि भरावाचे उतार एकास दोन ठेवले, तर ७ मीटर उंचीला प्रत्येक बाजूला १४ मीटर जमीन जाते. तीन मीटरच्या वाटेसाठी पायथ्याशी तीस मीटरहून जास्त रुंदीचा मातीचा डोंगर! त्याखाली दोन्हीकडची वई जाते, बांधावरची झाडं जातात. वाट वाचली असं आम्ही कागदावर लिहायचो. नाव वाचायचं आणि जायची सोय वाचायची. खोल गेलेली, सावलीची पाणंद मात्र तिथे संपलेली असायची.

आणखी एक गोष्ट तुमच्या लक्षात आली असेल. अशा पुलाजवळ वाट एकदम बाजूला वळते, पूल ओलांडते आणि पुन्हा मूळ रेघेवर येते. पूल बांधताना जुनी वाट चालू ठेवावी लागते, म्हणून नवा पूल तिच्या शेजारी बांधतात. मधला जुना तुकडा दोन्ही बाजूंना उरतो. डांबर उखडलं जातं किंवा तसंच सोडलं जातं, मग तिथे कुणी ट्रेलर ठेवतं, कुणी कचरा टाकतं. पण नीट पाहिलंत तर जुन्या वईची खरी ओळ त्या टाकून दिलेल्या तुकड्यातच सापडते, आणि तिथली झाडं नव्या भरावावर एका वेळी लावलेल्या झाडांपेक्षा कितीतरी जुनी असतात.

मोटरवे खोदून खाली नेला असेल तर हे काहीच लागत नाही. पाणंद आपल्या पातळीवर सरळ पुलावरून जाते आणि आवाजही कमी. म्हणून आम्ही शक्य तिथे कटिंग मागायचो. पण कटिंगची माती कुठेतरी टाकायची असते, भरावाला माती कुठूनतरी आणायची असते, आणि दोन्हींचा मेळ बसवणारा इंजिनिअर एका पाणंदीसाठी रेघ खाली घेईलच असं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न: पूल कुणाला आणि कुंपण कुणाला, हे कोण ठरवतं?

कायद्यानं पाहिलं तर साइड रोड्स ऑर्डर. १९८० च्या हायवेज ॲक्टमध्ये साध्या मोठ्या रस्त्यांसाठी कलम १४ आहे आणि मोटरवेसाठी कलम १८. या आदेशात प्रत्येक वाटेचं नाव येतं, नकाशावर ती रेषा आखून दाखवली जाते आणि पुढे लिहिलं जातं: बंद, वळवली किंवा सुधारली. बंद करायची असेल तर एक अट आहे. बऱ्यापैकी सोयीचा दुसरा मार्ग उपलब्ध आहे किंवा करून दिला जाईल, अशी खात्री पटली पाहिजे. सगळं या 'बऱ्यापैकी सोयीचा' वर येऊन ठरतं. सोयीचा कुणाला? गाडीतल्या माणसाला दीड किलोमीटरचा वळसा म्हणजे दोन मिनिटं. पायी जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला तोच वळसा म्हणजे आजपासून तिकडे जाणं बंद.

आणि आम्ही मोजायचो गाड्या. मला यात एक जागा आजही टोचते. एका बायपासच्या कामावर एक पाणंद होती, कमरेएवढे बांध, दोन्हीकडे हेझल आणि हॉर्नबीम, मुळं बांधातून बाहेर आलेली. मोजणीच्या दिवशी त्यावरून जेमतेम दोन आकडी गाड्या गेल्या. मोजणी झाली मार्चमधल्या एका पावसाळी मंगळवारी. ज्या कार्यालयासाठी मी काम करत होतो, तिथून सांगितलं गेलं की हिला पूल परवडत नाही. वाट बंद झाली, पायवाट कुंपणाला लागून सातशे मीटर पुढच्या पुलापर्यंत वळवली. सुनावणीपूर्वीच्या बैठकीत एक वयस्कर बाई मला म्हणाल्या होत्या, "आमचं चर्च या बाजूला आहे आणि दफनभूमी त्या बाजूला." मी ते टिपून घेतलं, अहवालात एक ओळ लिहिली, आणि ती ओळ पुढच्या मसुद्यात राहिली नाही. मी ती पुन्हा घालायला हवी होती. काही वर्षांनी तिकडे गेलो, तेव्हा वळवलेली पायवाट ब्रॅम्बलच्या काट्यांनी भरली होती. मोटरवेच्या आवाजात, कुंपणाला खेटून, सातशे मीटर कोण चालेल? पायवाट नकाशावर आजही आहे.

म्हणून सांगतो, तुमच्याकडचा तो रिकामा वाटणारा मोठा पूल पाहून 'पैसे वाया गेले' असं मनात आणू नका. त्याच्यासाठी कुणीतरी भांडलेलं असतं. एखादी ग्रामपरिषद, एखादा शेतकरी, घोडे पाळणारी चार कुटुंबं. शेजारच्या पाणंदीला असं कुणी मिळालं नाही.

हाय स्पीड वनची गोष्ट जराशी वेगळी. तिच्यावर एकही फाटक नाही. गाड्या ताशी ३०० किलोमीटरनं जातात. तिची परवानगी १९९६ च्या स्वतंत्र कायद्यानं मिळाली आणि बंद होणाऱ्या वाटांची यादी कायद्याच्या परिशिष्टातच होती. तुमच्या भागात ती बरंच अंतर एम-२० ला चिकटून जाते. जखम झाली आहेच, तर तिच्या शेजारूनच जाऊ, हा विचार योग्य होता असं माझं मत आहे. पण त्याची किंमत मधल्या जमिनीनं दिली. काही ठिकाणी मोटरवे आणि रूळ यांच्यामध्ये शेताची चिंचोळी पट्टी अडकली, जिथे जायला वाट नाही आणि केलं तरी पीक परवडत नाही. तिथे आता आपसूक उगवलेलं रान आहे.

त्या कामात काळजीही पुष्कळ घेतली गेली, ते सांगायला हवं. ॲशफर्डच्या पुढे मर्शमला लाकडी चौकटीचं एक ट्यूडर काळातलं घर मार्गात येत होतं. ते पाडलं नाही, अख्खंच्या अख्खं रुळांवर घालून सुमारे ५५ मीटर बाजूला सरकवलं. मेडस्टोनजवळ ब्लू बेल हिलच्या पायथ्याशी, व्हाइट हॉर्स स्टोनला, खोदकामाआधी पुरातत्त्वाच्या लोकांना जवळजवळ सहा हजार वर्षांपूर्वीच्या, शेतीच्या आरंभीच्या काळातल्या लांबट घराच्या खांबांच्या खुणा मिळाल्या. रेल्वे आली नसती तर ते घर कुणाला कळलंही नसतं, हे खरं. ते जमिनीतून कायमचं गेलं, हेही खरं.

जाता जाता झाडांचं. मार्चच्या शेवटाकडे मोटरवेच्या कडेला, डांबराला लागून, पांढुरक्या फुलांची बुटकी पट्टी दिसते. ते डॅनिश स्कर्व्हीग्रास, मूळचं समुद्रकाठचं. हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, त्या खारट कडेवरून ते आत देशात पसरलं. आधी ऑक्सफर्ड रॅगवर्टनं हेच रेल्वेच्या खडीवरून केलं होतं.

नुकसान उलटवता येतं का, असंही तुम्हाला वाटत असेल. थोडं येतं. तुमच्याच परगण्यात लँबरहर्स्टला ए-२१ चा बायपास झाला, तेव्हा स्कॉटनी कॅसलची जुनी वाट तोडण्याऐवजी तिच्यासाठी रुंद पूल बांधून वर माती घातली, झाडं लावली. २००५ पासून तो आहे. खालून गाड्या जातात हे वरून चालताना फारसं जाणवत नाही, आणि डॉरमाउस नावाचा छोटा प्राणी त्यावर आढळला आहे. सरेमध्ये हाइंडहेडला २०११ मध्ये बोगदा झाला आणि डेव्हिल्स पंच बोल या दरीच्या कडेचा जुना ए-३ रस्ता उखडून त्यावर पुन्हा हीदर नावाचं रानझुडूप वाढू दिलं. विंचेस्टरजवळ एम-३ मोटरवेसाठी ट्वायफर्ड डाउन हा डोंगर कापला गेला. १९९२ मध्ये तिथे मोठं आंदोलन झालं, तरी कापला गेलाच. पण त्या बदल्यात जुना बायपास काढून टाकला आणि सेंट कॅथरिन्स हिल खालच्या कुरणांना परत जोडली. मला विचाराल तर तो सौदा महाग पडला. मात्र काढून टाकलेला रस्ता गवताखाली जातो हे मी स्वतः पाहिलं आहे.

आता जुनी वाट शोधण्याचं. तुम्ही नशीबवान आहात, कारण ऑर्डनन्स सर्व्हे या सरकारी नकाशा-संस्थेनं छापलेला पहिलाच नकाशा केंटचा आहे, १८०१ चा. म्हणजे रेल्वेच्या आधीचं जाळं त्यात आहे. त्यानंतर १८४० च्या आसपासचे टाइद नकाशे, म्हणजे चर्चच्या दशांश करासाठी काढलेले नकाशे, पाहा. त्यात शेतांची नावं मिळतात, आणि वाट कुणाच्या बांधावरून जात होती तेही. नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या संकेतस्थळावर जुना नकाशा आणि आजचं उपग्रह-चित्र शेजारी शेजारी ठेवून पाहता येतं, तेही फुकट. इंग्लंडचे नकाशेही तिथे आहेत. आणि एक दिवस काढून मेडस्टोनच्या केंट हिस्ट्री अँड लायब्ररी सेंटरमध्ये जा, रेल्वेचे 'डिपॉझिटेड प्लॅन्स' मागा. मार्ग मंजूर होण्याआधी कंपन्यांना हे नकाशे जमा करावे लागत आणि सोबत एक वही असे. नकाशावरच्या प्रत्येक तुकड्याला क्रमांक, वहीत त्या क्रमांकापुढे मालक, पट्टेदार, वहिवाटदार. तुमची पाणंद तिथे एका क्रमांकानं नोंदलेली असेल, आणि सार्वजनिक असेल तर मालकाच्या जागी बहुतेक तिथल्या रस्ते-सर्व्हेअरचा हुद्दा असेल. वाट सार्वजनिक होती का, या वादात हा कागद फार वजनदार ठरतो.

शेवटी, नवं काम येतंय असं कळलं तर काय करायचं. आता मोठ्या योजनांना बहुतेक २००८ च्या प्लॅनिंग ॲक्टखाली परवानगी मिळते आणि वाटांचे निर्णय त्याच आदेशात येतात. तुमच्या परगण्याच्या उत्तर टोकाला टेम्सखालून जाणाऱ्या लोअर टेम्स क्रॉसिंगला मार्च २०२५ मध्ये परवानगी मिळाली, तिच्यात असे माती-झाडांचे हिरवे पूलही आहेत. अशा कामात सुरुवातीच्या सल्लामसलतीत बोला, कारण रेघ ठरल्यावर पुलाची जागा हलवणं फार अवघड जातं. 'आमचं सौंदर्य जाईल' एवढंच लिहू नका. या वाटेनं कोण, कुठे, कशासाठी जातं ते लिहा. रविवारची आणि शाळेच्या दिवसाची मोजणी तुम्ही स्वतः करा, पायी माणसं, सायकली, घोडे, सगळे. वळसा मीटरमध्ये द्या, आणि तो वळसा आवाजाच्या कडेनं आहे का तेही. आमच्या टेबलावर असा कागद आला की तो बाजूला सारणं कठीण व्हायचं.

तुमच्या तुटलेल्या वाटेवर एकदा फेब्रुवारीत जा, पानं नसताना. कुंपणापाशी थांबा, जुन्या वईची ओळ डोळ्यांनी धरा आणि तीच रेघ मोटरवे आणि रुळांच्या पलीकडे न्या. समोरच्या काठावर दोन-तीन जुनी ओकची झाडं एका ओळीत दिसली, तर पलीकडचा तुकडा तोच. त्याला आज वेगळं नाव असण्याची शक्यता आहे. जवळच्या पुलावरून वळसा घालून तिथे पोचा आणि दक्षिणेला चालत राहा. वाट हळूहळू खोल होत जाते का, ते पाहा.